सर बेटावर गेले आहेत

अमरावतीत मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्यांच्या दिवाणखान्यात एक मेलेला सरडा होता आणि दर आखाजीला त्याच्या नावाने पाणी ठेवलं जाई. खोली ठरवताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी बडनेऱ्याहून परतीची गाडी पकडली असती, कारण मला पालीची भीती वाटते. भीती हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द.

अक्षय तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरायची, तिच्या तोंडावर आंबा ठेवायचा, आमरस, पुरणपोळी, चिंचवणीचा नैवेद्य दाखवायचा. माझ्या घरमालकांकडे, म्हणजे सरांकडे, मोठी घागर त्यांच्या आईवडिलांची असे. तिच्या शेजारी चहाच्या कपाएवढं एक मडकं असे, त्यावर एक कैरी. ते सरड्याचं.

"परमुलखात मेला बिच्चारा," सर म्हणत. "त्याच्या मांगं पानी देनारं कोन हाये इथं? त्याच्या गावचे तर मोजके उरले. त्यातला एक उचलून कोनीतरी माह्या शोकेसात आनून ठेवला. पाप हाये हे, बाई."

सर प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. निरोपसमारंभात कॉलेजने शाल आणि नारळ पुढे केला, तेव्हा सरांनी दोन्ही टेबलावर ठेवून दिलं आणि संग्रहालयाच्या कपाटातली, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या सरड्याची ती बाटली मागितली. तसंही संग्रहालय मोडीतच निघालं होतं. बाटली मांडीवर घेऊन ते रिक्षाने घरी आले, आणि काकूंच्या शोकेसमध्ये चिनीमातीच्या राधाकृष्णाला सरकवून त्यांनी तिला जागा केली. काकू तिला सवत म्हणत. शेजारणींना सांगत, "आमच्या घरात पेनारा एकच हाये, अन् तो शोकेसात बसते."

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरीत बढती मिळाली आणि बढतीबरोबर अमरावती मिळाली. खोली पाहायला गेले तेव्हा सरांनी दार उघडलं, आत या म्हणाले नाहीत, नुसतं न्याहाळत राहिले. गळ्यात दोरीला दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा. आधी लांबचा लावला, मग जवळचा.

"चष्मा हाये का नाई? हाये," ते स्वतःशीच पुटपुटले. "चपला सरळ काढल्या का नाई? काढल्या. राग येऊन राहिला का नाई? येऊन राहिला, पन बोलत नाई." मग आत वळून मोठ्याने, "घाटावरची हाये वो! एकटी राहनारी. ठेवून घ्या."

माझा खरोखर संताप झाला होता. पण खोली हवेशीर होती आणि काकू तेवढ्यात ताक घेऊन आल्या. पुढे कळलं की सर सगळ्यांनाच असं सोडवत. आहे की नाही, आहे तर या बाजूला, नाही तर त्या बाजूला, असं करत करत शेवटी प्राण्याच्या नावापर्यंत पोचायचं, ही त्यांच्या शास्त्राची रीत. ती त्यांनी दूधवाल्याला लावली होती, नगरसेवकाला लावली होती, आणि लग्नाआधी हिवरखेडला मुलगी पाहायला गेले तेव्हा काकूंनाही लावली होती. "तीन प्रश्नातच मी निघाली," काकू सांगत. चौथा प्रश्न त्यांनी उलट सरांना विचारला होता म्हणे. कोणता ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सरांचं एक पालुपद होतं: आधी पोट, मग पाठ. सरड्याच्या पाठीवर विश्वास ठेवायचा नाही. पाठीचा रंग उन्हाने बदलतो, वयाने बदलतो, बाटलीत तर काही महिन्यांत उतरतो किंवा काळवंडतो. पोटावरचे खवले मात्र जसे असतात तसेच राहतात. म्हणून हातात आलेला जीव आधी उलटा करायचा, पोट पाहायचं, आणि मगच तोंड उघडायचं. हा नियम त्यांनी जन्मभर मुलांना घोकवला आणि स्वतः सगळीकडे चालवला. बाजारात ते वांगी उलटी करून पाहत. टरबूज उलटं करत. माझ्या हातातला मोबाइलही त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उलटा करूनच पाहिला.

दुसरा नियम याहून कडक. नमुन्याला पत्ता हवा. कोणता जीव, कुठे सापडला, हे ज्यावर लिहिलेलं नाही तो कचरा, मग तो कितीही देखणा असो. अकोल्याच्या जुन्या शहरातली प्रज्ञा नावाची त्यांची एक विद्यार्थिनी होती. शिकत असताना तिने सुट्टीभर उन्हातान्हात फिरून पेटीभर फुलपाखरं जमवली, पण कुठलं कुठे धरलं ते लिहायचं राहिलं. सरांनी पेटी पाहिली, सुंदर आहे म्हणाले, आणि तिच्याच हातांनी कचऱ्यात टाकायला लावली. ती रडली. नंतर तीही प्राणिशास्त्राचीच प्राध्यापिका झाली आणि दर आखाजीला अकोल्याहून सरांकडे जेवायला येत राहिली. माझी तिची ओळख तिथलीच.

आता सरड्याकडे येते. इतका वेळ टाळलं, कारण मी त्याच्याकडे सरळ पाहायला शिकले त्यालाच बरेच महिने लागले. तळहाताहून थोडा लांब, काळपट, डोकं वर आणि शेपूट खाली गुंडाळलेली, चहाच्या रंगाच्या स्पिरिटमध्ये उभा. झाकणाभोवती मेणाचं जाड सील. बाहेर चिकटवलेल्या कागदावर इंग्रजी अक्षरांत प्राण्याचं शास्त्रीय नाव आणि खाली 'वेस्ट इंडीज'. कोण्या जमान्यात कॉलेजांना असे नमुने पुरवणारे विक्रेते असत, त्यांच्याकडून आलेला. सर तरुणपणी नोकरीला लागले तेव्हा तो कपाटात होताच. त्या नावाचा माग काढत काढत ते पुस्तकांतून एका बेटापर्यंत पोचले. रेडोंडा. वेस्ट इंडीजच्या समुद्रातला एक ओसाड खडक, जिथे आता माणूस राहत नाही. हा काळा सरडा जगात फक्त तिथेच असतो.

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. सरांनाही सुरुवातीला तेवढंच ठाऊक होतं. मॅच लागली की ते रेडिओला कान लावून बसत, पण धावसंख्येसाठी नाही. मागून येणाऱ्या लाटांच्या आवाजासाठी. मैदानापासून समुद्र किती लांब, तिथून बेट किती लांब, याचा विचार करण्यात त्यांच्या कित्येक मॅची संपल्या. स्वतः सर नागपूरच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि पाहायची इच्छाही दिसली नाही.

त्यांचा समुद्र कूलरमध्ये होता. अमरावतीचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला हे समजणार नाही. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. वाळ्याच्या ताट्या ओल्या होऊन त्यातून गार, मातकट वासाचा वारा येतो. जेवण झालं की सर त्या वाऱ्यापुढे चटईवर आडवे होत, डोळे मिटत आणि बेटावर जात. घरात हा रीतसर शब्दप्रयोगच होता. दारावर कोणी आलं की काकू सांगत, "सर बेटावर गेले हायेत. चारले येतीन."

सुट्टीच्या दिवशी माझी खोली तापली की मी खाली येऊन काकूंच्या शेजारी उशी टाकत असे. तेव्हा सर आम्हालाही घेऊन जात. डोळे मिटलेले, आवाज अगदी हळू.

"आता आपन उतरून राहिलो. जपून पाय टाका, गोटे निसटते. झाड नाई, सावली नाई. वर पक्षी पाहा किती ओरडून राहिले, त्यायच्या घरट्याकडे जाऊ नका. आता उगे राहा. तो पाहा, त्या दगडावर. काया किट्ट. डोयाबी काया. भेत नाई तो आपल्याले. मानूस मालूमच नाई ना त्याले."

"खातो काय तिथे?" मी अर्धवट झोपेत विचारी.

"भेटन ते. पक्ष्याचं फुटलं अंडं, मेलेलं पिल्लू, खेकड्याचा उरलेला पाय. नाईच भेटलं तं आपल्यातलाच बारका सरडा. गरिबी हाये बाई त्या गावात."

आणि मला तो दिसे. खरंच दिसे. पाणी आणि पक्षी यांच्या मधोमध, तापलेल्या दगडावर, मान वर करून बसलेला. जिला न्हाणीघरातली पाल काढायला घरमालक लागतात ती मी, त्या दगडाजवळ उकिडवी बसून त्याच्याकडे पाहत राही. वारा गार असे. कूलरमधलं पाणी टपटप वाजे. जाग येई तेव्हा चार वाजलेले असत आणि काकू चहा ठेवत असत. इतकी सुखाची झोप मला पुढे कुठेच लागली नाही.

एवढ्या उन्हात राहणाऱ्याने काळं का नेसावं, हा सरांचा लाडका प्रश्न. सकाळी अंग लवकर तापावं म्हणून, असं काही पंडित म्हणतात. कडक उन्हापासून आतल्या अवयवांचं रक्षण म्हणून, असं दुसरे म्हणतात. सर दोन्हींवर मान हलवत आणि निर्णय देत नसत. एकदा काकू कुरडया वाळत घालता घालता म्हणाल्या, "अवो, मयखाऊ रंग असते तो. दगडा-धोंड्यात लोयाचं, धुवाले पानी नाई. मंग काया नाई तं काय पांढरा नेसनार?" सरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. दोन दिवस ते त्यावर विचार करत होते.

त्या सरड्याच्या कुळाचा इतिहास मला आमच्या घराण्यापेक्षा जास्त पाठ झाला. शेजारच्या बेटांवरचे त्याचे भाऊबंद तपकिरी, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचे. कोणी याला स्वतंत्र जात मानलं, तर कोणी शेजारच्या बेटावरच्या सरड्याचाच एक काळा प्रकार ठरवून त्याच्या नावाखाली घातलं. सर याला भाऊबंदकी म्हणत. पुढे पुन्हा निकाल फिरला आणि याची जात वेगळी धरली गेली. "सात-बारा वेगळा झाला एकदाचा," असं सर सांगत, तेव्हा जणू त्यांच्याच वावराची मोजणी झाली होती. मी तिथे राहत असताना आणखी एक गोष्ट घडली. अमीव्हा या ज्या मोठ्या कुळात तो होता, त्यातून बेटांवरचे सगळे सरडे वेगळे काढले गेले आणि त्यांना नवं कुलनाम मिळालं. प्रज्ञाने फोनवर सांगितलं. सर आधी चिडले. "मले विचारलं का? एवढ्या वर्साचं नाव!" मग दुपारी बेटावर जाऊन आले आणि शांत झाले. संध्याकाळी काकूंनी घुगऱ्या भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी बाटलीला हळदकुंकू लावून बारसं झालं. नवं नाव फोलिडोसेलिस. म्हणजे खवल्यांच्या पायाचा. ते मी त्याच्या कानात सांगावं, असा सरांचा आग्रह. बाटलीला तोंड लावून मी ते उच्चारलं. मधे काच होती म्हणून निभावलं.

बकऱ्यांची बातमी त्याच सुमाराची. त्या बेटावर पूर्वी कधीतरी माणसांनी नेऊन सोडलेल्या बकऱ्या आणि जहाजांतून आलेले उंदीर यांनी हिरवं असं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. सरांना त्याची कायमची धास्ती. पेपरात काही नसलं तरी ते दुपारी उठून म्हणत, "काई खरं नाई त्यायचं." आणि एक दिवस मीच मोबाइलवर वाचलं की तिथल्या लोकांनी उंदीर हटवले, आणि बकऱ्या पकडून हेलिकॉप्टरने शेजारच्या बेटावर नेल्या. आता खडकावर गवत आलं आहे, झुडपं आली आहेत, आणि काळे सरडे झपाट्याने वाढले आहेत.

"बकऱ्यायले हेलिकॉप्टर?" काकू म्हणाल्या. "आमच्या हिवरखेडले एसटी टायमावर येत नाई!"

सरांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं नातू झाला. मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला, हिरव्या गवतात बसलेला काळा कुळकुळीत सरडा. त्यांनी जवळचा चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. "पोट दाखव," म्हणाले. फोटोत पोट दिसत नाही म्हटल्यावर मोबाइल परत दिला. मग शोकेसपाशी जाऊन उभे राहिले. "सगये वाढले रे बाबू," ते बाटलीला म्हणाले. "तूच तेवढा कमी झाला."

त्या क्षणी मी न विचारायला हवं ते विचारलं. "सर, याचं पोट कसं आहे?"

"तुले सांगतलं ना. चौकोनी पाट्या. आडव्या रांगेनं. आंगनातल्या फरशीवानी."

"ते पुस्तकातलं झालं. याचं पाहिलंत तुम्ही?"

सरांनी जवळचा चष्मा काढला, लांबचा लावला, पुन्हा काढला. "सील हाये ना," शेवटी म्हणाले. "नाव लिहून हाये. पोट काहून पाहाचं मंग?" आणि आत निघून गेले. काकूंनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. जन्मभर पोरांकडून बाटल्या उघडवणाऱ्या माणसाने आपली एक बाटली कधीच उघडली नव्हती.

पण बाटलीतलं स्पिरिट कोणासाठी थांबत नाही. कितीही सील असलं तरी ते बारीक बारीक उडत असतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा त्याला हातभार लावतो. पुढच्या आखाजीला प्रज्ञा आली तीच पिशवीत स्पिरिटचा डबा घेऊन. मागच्या वर्षी पातळी सरड्याच्या डोक्यावर होती, आता नाकाला लागली होती. नाक उघडं पडलं की बुरशी धरणार आणि पावसाळा संपेपर्यंत सगळा जीव नासणार. भरायचं तर उघडणं आलं. उघडलं तर पोट दिसणार.

जिन्यात तिने मला थांबवलं. "ताई, मले बाहेरूनच शंका येऊन राहिली. त्याची मान पाहा ना. मानच नाई. डोक्यातून सरळ अंग निघालं."

"मग सरांना दिसत नसेल?"

"एवढे वर्स रोज पाहून राहिले ते. त्यायले दिसत नाई असं मी कोन्या तोंडानं म्हनू?" ती पायरीवर बसली. "मलेच उघडाले लावतीन. अन् मलेच विचारतीन. काय सांगू मी?"

आम्ही जिना उतरलो. खाली देवघरापुढे घागर भरली गेली होती, मडकंही भरलं होतं, कैरी ठेवायची बाकी होती. सर बाटलीकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. पुढच्या वर्षी पाहू, असं त्यांनी प्रज्ञाला दारातच सांगून टाकलं होतं. तेव्हा काकू हात पुसत बाहेर आल्या.

"तुमचं हे चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावानं मडकं भरता, अन् त्याच्या बाटलीत घोट नाई. सनावाराच्या दिवशी तहानलेला ठेवता का त्याले?"

सरांनी पेपर खाली ठेवला. या युक्तिवादापुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांनी स्वतः बाटली उतरवून जमिनीवर आणली, काकूंनी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं झाकणाभोवती गुंडाळलं, आणि मऊ झालेलं मेण उलथण्याच्या टोकाने निघायला लागलं. झाकण फिरलं तसा खोलीभर उग्र वास पसरला, आमरसाच्या वासात मिसळला. प्रज्ञाने लांब चिमट्याने त्याला उचललं आणि काकूंच्या जर्मनच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात ठेवलं. एरवी मी दोन घरं सोडून पळाले असते. त्या दिवशी दारातून हललेसुद्धा नाही.

सरांनी नाकावरचा चष्मा काढून खिशात घातला आणि डोळे मिटले.

"आधी काय?" त्यांनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"पोट, सर."

"मंग?"

प्रज्ञाने त्याला उलटा केला. मला शास्त्र येत नाही, पण काय दिसायला हवं ते इतक्या दुपारी ऐकून पाठ होतं. तिथे फरशी नव्हती. गुळगुळीत, गोलसर खवले होते, माशासारखे एकावर एक बसलेले. प्रज्ञाने काकूंकडे पाहिलं. काकू सरांकडे पाहत होत्या. एक शब्द पुरला असता, चौकोनी. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, म्हण, म्हणून टाक.

"खवले गोल हायेत, सर," प्रज्ञा म्हणाली.

"एकावर एक?"

"हो."

"पाठीवर अन् पोटावर सारखेच?"

"सारखेच."

"नाव सांग."

तिने चिमटा खाली ठेवला. "सर..."

"नाव सांग, प्रज्ञा."

"सापसुरळी, सर. आपली इथलीच. वावरातली."

सरांनी डोळे उघडले, खिशातून जवळचा चष्मा काढून लावला आणि ताटावर वाकले. खूप वेळ पाहिलं. बोटाने एकदा त्या पोटावरून हात फिरवला. "बराबर हाये," ते म्हणाले. "पूरे मार्क." मग उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

नैवेद्य झाला. जेवणाला कोणी हात लावला नाही. दुपार झाली, पण आतून कूलर सुरू झाल्याचा आवाज आला नाही, आणि त्या शांततेने मला रडू यायला लागलं. इतकी दुपारची शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती. "खोटं बोलाले पायजे होतं का मी, काकू?"

"खोटं बोलाले शिकवलं का त्यायनं तुले?" काकू म्हणाल्या. "मंग." पण त्यांचंही लक्ष दाराकडेच होतं. शोकेसमध्ये राधाकृष्णाशेजारची जागा रिकामी होती. सवत म्हणून जिला नाव ठेवलं तिची जागा त्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

चारच्या सुमारास दार उघडलं. सर घामाने निथळत होते. ते आमच्याकडे न पाहता सरळ देवघरापाशी गेले आणि त्या इवल्या मडक्याकडे बोट दाखवलं.

"हे कोनाचं?"

"तुमच्या सरड्याचंच," काकू म्हणाल्या. "सकायीच भरलं होतं."

"उचल ते. जित्त्या जीवाच्या नावानं पानी ठेवत नसते."

काकूंना कळेना. "जित्ता कोन?"

"तोच! बेटावरचा!" सरांचा आवाज एकदम चढला आणि मग मला दिसलं की ते हसत होते. "अवो, त्याले कोनी धरलाच नाई! त्या इकनाऱ्यानं कुठल्या तरी वावरातून ही सापसुरळी उचलली अन् कागद चिपकवून कॉलेजच्या गळ्यात मारली. इतके वर्स मी त्याले मेला म्हनून पानी देऊन राहिलो, अन् तो तिकडे उन्हात बसून अंडे खाऊन राहिला. एकबी कमी झाला नाई, बाई! बेटावर सगयेच्या सगये हायेत!"

ते खाली बसले आणि हसता हसता त्यांना रडू आलं. चष्म्याची दोरी हातात घट्ट धरून ते लहान मुलासारखे रडले. एवढी वर्षं ते त्या एका मरणाचं ओझं खरोखर वाहत होते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी त्याला विक्षिप्तपणा समजत होते.

काकूंनी मडकं उचललं. परसात मेंदीच्या कुंपणाखाली सापसुरळ्या असत, सकाळी ऊन खायला बाहेर येत. तिथे एका परळात त्यांनी ते पाणी ओतलं. "मंग हे याच्या घरच्यायले," म्हणाल्या आणि आत येऊन कूलर लावला.

संध्याकाळी बाटली भरली. प्रज्ञाने सापसुरळीला हळूच आत सोडलं, स्पिरिट ओतलं, सरांनी मेण वितळवून झाकण बंद केलं. जुना कागद ओला करून काढला. सरांनी नवा कागद चिकटवला आणि त्यावर नाव लिहिलं, सापसुरळी, मराठीतच. दुसऱ्या ओळीवर पेन टेकलं आणि थांबलं.

पत्ता. तो कोणालाच माहीत नव्हता. ती कुठल्या वावरातली, कुठल्या गावची, ते सांगू शकणारा विक्रेता कधीच मरून गेला असेल. पत्ता नसलेला नमुना म्हणजे काय, हे त्या खोलीत प्रत्येकाला पाठ होतं. प्रज्ञाने मान खाली घातली. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि बाटली उचलायला हात पुढे केला. ते ती शोकेसकडे नेणार नव्हते, हे मला कळलं.

"काहून थांबले?" काकू म्हणाल्या. "लिवा ना आपला पत्ता."

"ती इथं सापडली नाई," सर म्हणाले.

"नाई कशी? आजच तर सापडली. याच घरात, माह्याच ताटात. तोवर कोनाले मालूम होती ती?"

सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग टोपण दाताने काढलं आणि आमच्या घराचा पत्ता लिहिला, गल्ली, नगर, अमरावती, पिनकोडसकट.